माग निघाले अहमदाबादला

प्रिय मेहुणे विल्फ्रेड यांस,

इनॉकचा सप्रेम नमस्कार. फ्लीटवुडची खारी हवा तुमच्या दम्याला मानवत असेल, अशी आशा आहे. तुम्ही पाठवलेले मासे पोचले (वासावरून साऱ्या आळीला आमच्या आधीच कळलं होतं).

आमची गिरणी अखेर बंद झाली. सगळे माग अहमदाबादच्या एका गिरणीमालकांनी घेतले, आणि ते खोलून पेट्यांत भरायचं काम मी, इथले माग दुरुस्त ठेवणारा जॉबर, करतो आहे. पेट्या संपल्या की मी बेकार. शाळेत मास्तर नकाशावर छडी फिरवून सांगत, की जगाला कापड आपण नेसवतो. (मास्तर भले होते. जग मात्र आपलं आपण नेसायला शिकलं.) उंचावर बसलेल्यांना देव खाली उतरवतो, असं चॅपलमध्ये प्रार्थनेत मीही कितीदा म्हटलं, पण आपणच उंचावर बसलो आहोत, हे ध्यानात आलं नव्हतं.

मंगळवारी ते मालक, श्री. कीकाभाई, पाहणीला आले. मागांच्या खडखडाटात आपली माणसं नुसत्या ओठांनी बोलतात, हे तुम्ही जाणताच. माग थांबले तरी ती खोड जात नाही. मागखात्याच्या पार पलीकडून विणकरीण ॲग्नेसने मला ओठांनीच विचारलं, "हा ढेरपोट्या पेटीत मावेल का रे?" मीही तसंच उत्तर दिलं, "मावेल, पण टोपी काढावी लागेल." कीकाभाई सावकाश वळले आणि आवाज न काढता, अगदी आपल्या ढंगात ओठ हलवून म्हणाले, "टोपीसकट मावतो, गड्या. काळजी नको." तरुणपणी ते इथेच, बोल्टनच्या गिरणीत काम शिकलेले! ॲग्नेस पेटीमागे दडली. मला दडायला तेवढी मोठी पेटी उरली नव्हती.

पण माणूस दिलदार. चहा पिताना म्हणाले, "तुमच्या कापडानं माझ्या आजोबांचा हातमाग बंद पाडला. आता तुमचे माग नेतोय, तर मलाच चुटपुट लागलीय बघ." मी म्हटलं, "जपा त्यांना. कोपऱ्यातला तो एक फार हट्टी आहे." "मग तूच चल त्याची समजूत काढायला. नोकरी देतो, घर देतो." माझ्या बायकोला, एदिथला, तिचं गाव सोडवणार नाही, तेव्हा हे जमायचं नाही, असं मी ठामपणे सांगितलं.

आपला,
इनॉक

ता. क. ठामपणे म्हणजे, तसं सांगायचा विचार होता. तोंडून "हो" निघालं.

आणखी एक ता. क. एदिथलाही न्यायचं ठरलं आहे. तिला तेवढं ठाऊक नाही. तुम्ही तिचे थोरले भाऊ. रविवारी जेवायला या आणि तिच्या कानावर घाला. मी चॅपलमध्ये प्रार्थनेला बसलेला असेन. ती शांत झाली तर बोलावणं पाठवा. नाही झाली, तर माझं ताट तिकडेच आणा.