दोर हाय?

रविवार, ९ जानेवारी

रेणापूरच्या पुढची बंद खदान. सकाळी साडेसातला दोर लागला. आम्ही सहाजण.

आज इंग्रजी हाका बंद केल्या. चार वर्षं दर रविवारी या दगडावर 'ऑन बिले', 'स्लॅक' असं ओरडत होतो, जसा काही खाली साहेब उभा आहे. आता चढणाऱ्यानं विचारायचं, 'दोर हाय?' खाली दोर धरणाऱ्यानं सांगायचं, 'हाय' किंवा 'न्हाई'. प्रश्न एकदा, उत्तर एकदा. माझ्या अक्षरातल्या कार्डाच्या झेरॉक्स काढल्या. प्रत्येकाच्या खिशात एक.

माणिकची हरकत. हा क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. उत्तरेत महिनाभर बर्फावरचा कोर्स करून आलेला आमच्यातला एकटाच. म्हणाला, "सर, उलट अर्थाचे शब्द सारखे नकोत. तिथं पहिल्याच दिवशी शिकवतेत. हाय आन् न्हाई लांबून एकच ऐकू येतंय."

मग बोललो. खडकावर उभा राहून, वीस मिनिटं तरी. ठेच लागल्यावर माणूस ज्या भाषेत ओरडतो तीच भाषा उंचीवर खरी, वगैरे. टाळ्या पडल्या. माणिकनंही वाजवल्या. युसूफ खालून म्हणाला, "सर, सभा झाली असंल तर दोर लावू का? ऊन चढून राहिलंय."

हा शब्द मी हवेतून आणलेला नाही. भूकंपानंतरचा तो आठवडा. युसूफ आणि मी तिथेच भेटलो. त्याच्या घरचं काम तंबू-कनाती शिवायचं, तो ताडपत्र्या आणि जाड पट्टे घेऊन आला होता. मी ढिगाऱ्यावर पालथा पडून ओरडायचो, "कोन हाय का?" तिसऱ्या दिवशी दगडमातीखालून एका म्हातारीचा आवाज आला. "हाय." एवढंच. युसूफच्या पट्ट्यानं तिला ओढून काढलं. आयुष्यभर पुस्तकं वाचली, त्याहून मोठा शब्द सापडला नाही.

मे महिन्यात हिमाचल. नांदेडहून अमृतसरची गाडी. पुढं माणिक, मागं आम्ही. वीस हजार फुटांच्या आतबाहेरचं शिखर. मराठवाड्यातली सहा माणसं बर्फावर उभी राहून 'हाय' म्हणणार.

बुधवार, १२ जानेवारी

विष्णुपुरीला इंजिनिअरिंगच्या मुलांपुढे भाषण. विषय 'डोंगर कशासाठी'. घसा बसेपर्यंत बोललो. शेवटी एकानं विचारलं, "सर, याचे ग्रेस मार्क मिळतेत का?" सगळे हसले. मीही हसलो, पण परतीच्या एसटीत राग राग झाला. लातूरला उतरलो तर स्टँडपासून घरापर्यंत क्लासचे फलक. टक्के आणि फोटो. सहा वर्षांपूर्वी याच रस्त्यानं आम्ही भाकरीची पोती भरून ट्रक नेत होतो. आता इथं ओळख विचारताना नाव नंतर, टक्के आधी.

खदानीत कुणी रँक विचारत नाही. माणिक त्यासाठीच येतो. त्याचे क्लासचालक मुद्दाम रविवारी टेस्ट लावतात. तो शनिवारीच पेपर काढून मोकळा होतो.

रविवार, १६ जानेवारी

माणिक पडला.

माथ्यावरून खालपर्यंत. मधे कुठे

जिवंत आहे. पाय हलत नाहीत.

सोमवार, १७ जानेवारी

नीट लिहिलं पाहिजे.

माणिक चढून माथ्यावर आला. तिथं मी बसलेलो. बाकीचे तिघे गाड्यांजवळ, लांब. दोर माथ्यावरच्या कडीतून परत खाली, त्या टोकाला युसूफ एकटा. कड्याच्या पोटाला बाक आहे, वरून खालचा माणूस दिसत नाही. एरवी आम्ही मागच्या वाटेनं चालत उतरतो. माणिक म्हणाला, "सर, मधली एक पकड परत बघायची हाय, दोरानंच जातो." पाठमोरा कडेला उभा राहिला. ओरडला, "दोर हाय?"

उत्तर आलं. मी ऐकलं. "हाय."

माणिकनं अंग मागं टाकलं. दोर सरसर गेला, अडलाच नाही.

युसूफ म्हणतो, दोर बाभळीत गुंतला होता. माणिक वर पोचलेला, आता मागून चालत येईल असं समजून त्यानं दोर कमरेच्या कडीतून काढला आणि काटे सोडवत होता. हाक आली तेव्हा दोर हातात नव्हता. "मी न्हाई म्हनलो सर. अल्लाकसम. न्हाईच म्हनलो."

ठाण्यात जबाब झाला. हवालदारानं विचारलं, तुम्ही काय ऐकलं? मी खरं बोलणारा माणूस. सांगितलं: 'हाय' असं स्पष्ट ऐकलं. 'स्पष्ट' हा शब्द माझाच, त्यानं विचारलाही नव्हता. सही केली. निष्काळजीपणाचा गुन्हा युसूफवर. संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं, मग सोडलं. माझ्या समोरून गेला. सलाम केला नाही.

गुरुवार, २० जानेवारी

माणिकला नांदेडला हलवलं. त्याच्या वडिलांना नायगावहून ते जवळ. कमरेचा मणका. डॉक्टर 'बघू' म्हणतात.

वडील व्हरांड्यात उकिडवे बसले होते. मला बघून उठले. "सर, तुमी आयकलं न्हवं? पोरगंबी तेच म्हनतंय. हाय म्हनला, म्हून सोडलं आंग." मी मान हलवली. "तेवढंच बास. तुमचा शब्द मोठा हाय. तो शिलाईवाला काल इथं आल्ता, डबा घिऊन. दारातूनच हाकलला म्या."

लातुरात परतल्यावर चहाच्या टपरीवर दोघे बोलत होते. "त्यांच्या हातात दोर दिलाच कशाला?" मी तिथेच उभा राहून झापलं. त्या ढिगाऱ्यात याच हातांनी किती माणसं काढली ते सांगितलं. रस्त्यावर गर्दी जमली. त्यातला एक शांतपणे म्हणाला, "सर, जबाब तर तुमीच दिला ना?"

घरी येऊन जेवलो नाही. मालती म्हणाली, "भाषण करून पोट भरलं असेल."

रविवार, २३ जानेवारी

खदान नाही. चार वर्षांतला पहिला रविवार.

युसूफच्या दुकानी गेलो. मशीनवर होता. क्लासच्या कुठल्या तरी कार्यक्रमासाठी मांडव, निळी-पांढरी कनात. मान वर केली नाही.

"बसा सर. चहा सांगू?"

"युसूफ, मी जे ऐकलं ते सांगितलं."

"हाव. मी जे बोललो ते मी सांगितलं." मशीन चालू. "ओरडलो एकदाच. दुसऱ्यांदा ओरडायचं मनात आलतं. पन कार्डावर काय लिव्हलंय? उत्तर एकदा. तुमच्या अक्षरात हाय."

खिशातून कार्ड काढून समोर ठेवलं. घडीवर मळलेलं.

मी भाषा, श्रद्धा, हवा असं काहीबाही बोलायला लागलो. त्यानं मशीन थांबवलं. "सर, तिकडं ढिगाऱ्यात तुमी कान लावायचे, मी खनायचो. तुमी म्हनले खन, मी खनलो. एकदा बी इचारलं न्हाई, खरंच ऐकलं का म्हून. आता एकच मागतो. वारा आसंल त्या दिवशी वर उभं राहा. मी खालून ओरडतो."

"मेला आसता तर मीबी मेलो आसतो," असं मी निघताना म्हणाला. कुणाबद्दल ते त्यालाही ठाऊक, मलाही.

बुधवार, २६ जानेवारी

कॉलेजात झेंडावंदन, माझं भाषण. काय बोललो आठवत नाही. नंतर थेट खदानीत. मालती म्हणाली, मी येते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. वारा त्या दिवशीचाच, पूर्वेचा, माझ्या पाठीकडून खाली जाणारा.

पद्धत मालतीनं ठरवली. युसूफनं दहा उत्तरं आधी कागदावर लिहायची, कागद तिच्याकडे. तो कड्याखाली, ती त्याच्या शेजारी. मी वर, माणिक उभा होता तिथे. मी दहा वेळा विचारायचं, ऐकू येईल ते लिहायचं.

दहा वेळा विचारलं. दहाही वेळा स्वच्छ ऐकू आलं. उतरलो. मालतीनं दोन्ही कागद बोनेटवर शेजारी ठेवले.

माझ्या कागदावर दहा 'हाय'.

युसूफच्या कागदावर तीन 'हाय', सात 'न्हाई'.

"मी शेजारी उभी होते," मालती म्हणाली. "बेंबीच्या देठापासून ओरडत होता बिचारा."

वारा पहिलं अक्षर खातो. वाकड्या भिंतीवर आपटून वर येतं ते नुसतं 'आई', आणि कान त्याचं 'हाय' करून टाकतो. माणिक म्हणालाच होता. त्या दिवशी माझ्या बोलण्यापुढे तो गप्प बसला.

युसूफ जिंकल्यासारखा दिसला नाही. बाभळीचा काटा बोटात होता, तो काढत बसला.

परत येताना सुचलं ते लिहून ठेवतो. ढिगाऱ्याखालून कुणी 'न्हाई' म्हणत नाही. तिथून आलं तर एकच उत्तर येतं. त्या एका शब्दावर मी दोर टांगला, आणि दुसरा कधी तपासून पाहिलाच नाही. मालतीला बोललो तसं. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तुम्हाला घरात पण हायच ऐकू येतं. मी काहीही म्हटलं तरी."

शनिवार, २९ जानेवारी

नांदेड. सांगायला गेलो होतो.

माणिक उताणा. छताकडे बघत बोलतो. त्याची बॅच दुसऱ्याला दिली. मेची तिकिटं काढली का, असं त्यानंच विचारलं, मग स्वतःच हसला. "मी स्लेजवर बसतो सर, तुमी ओढा."

वडील उशाशी. मी खुर्ची ओढली. धीर, इच्छाशक्ती, जगातल्या कुठल्या कुठल्या माणसांचे दाखले. पाऊण तास बोललो. शेजारच्या खाटेवरचे लोकसुद्धा ऐकत होते. एका बाईनं डोळे पुसले. सांगायचं ते सांगितलं नाही.

निघताना माणिक म्हणाला, "सर, मी लई इचार केला. 'न्' ऐकलाच न्हाई मी. पन युसूफ खोटं बोलत न्हाई. तुमी वर माझ्या शेजारी होता. तुमीबी ऐकला न्हाई?"

वडील माझ्याकडे बघत होते.

म्हणालो, "विश्रांती घे."

हे दोन शब्द माझ्या सगळ्या भाषणांत

मंगळवार, १ फेब्रुवारी

मनात हिशेब चालू आहे, तो इथं उघडा करून टाकतो. जबाब बदलला तर पहिला प्रश्न: आधी 'स्पष्ट' कसं म्हणालात? दुसरा: या हाका कुणी ठरवल्या? कार्ड बाहेर येईल. अक्षर माझं. माणिकनं धोका सांगितला होता, हे बाकीच्या चौघांना माहीत आहे. गुन्हा युसूफवरून सरकून माझ्याकडे येईल, आणि यायलाच हवा. माणिकचे वडील माझ्याकडे कसे बघतील. ज्या व्यासपीठांवरून मी दुसऱ्यांना भित्रे म्हणालो, ती पुन्हा मिळणार नाहीत.

नाही बदलला तर युसूफ. तारीख लागेल, कोर्ट, आणि टपरीवरचं ते वाक्य गावात कायमचं. त्याच्या धाकट्या भावाची सोयरीक थांबल्याचं आज कळलं. मुलीकडच्यांनी कारण सांगितलं नाही.

मालतीला विचारलं, काय करू. "मला विचारताय, की ऐकवताय?"

गुरुवार, ३ फेब्रुवारी

ठाण्याच्या बाकावर बसून लिहितो आहे. दुपारचा एक.

जबाब बदलायला आलो. युसूफनंच सोडलं, त्याच्या एम-एटी गाडीवर. म्हणाला, मी भाईर थांबतो, मला बघून हवालदार बिथरंल. रस्त्यापलीकडे पिंपळाखाली उभा राहिला.

हवालदार फाइल घेऊन बसला होता. दारात क्लासची जाहिरात करणारी रिक्षा, टपावर कर्णा. 'शेवटच्या काही जागा.' त्या आवाजात हवालदार ओरडूनच बोलत होता. "सर, तुमच्यासारख्या मानसानं कशाला चकरा मारायच्या? आधीचा जबाब कायम हाय ना?"

हजारो माणसांपुढे माइक बंद पडला तरी शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवलेला माणूस मी. म्हणालो, "न्हाई."

हळू म्हणालो. मलाच जेमतेम ऐकू आलं.

"हाय. झालं तर मग." त्यानं फाइल मिटली, त्यावर पेपरवेट ठेवला. "जेवून येतो. चहा घेऊन जावा."

मी अडवलं नाही. तो गेला.

बाहेर पायरीवर आलो. पलीकडून युसूफ ओरडला, "झालं का सर?" रिक्षा मधेच उभी. मी हात वर केला. थांब, असं म्हणायचं होतं. त्यानं छातीवर हात ठेवला, हसला. अठरा दिवसांत पहिल्यांदा. गाडीला किक मारली आणि गेला. बहुतेक नांदेडच्या गाडीला. डब्याची पिशवी हँडलला लावलेली होती.

परत आत येऊन बसलो. दोन्ही कागद खिशात आहेत, मालतीनं पिन मारून दिलेले. कार्डही.

रिक्षा पुढच्या चौकात गेली. आता इथं पंख्याशिवाय आवाज नाही. फाइल समोर, पेपरवेटखाली.

चपला वाजतात. हवालदारच असेल.

घसा साफ केला.