आई अनुराधापुरात राहिली

अनुराधापूर, श्रीलंका
दि. १३ मे २०२५

ती. बाबांस,
सून रूपाचा सविनय जयभीम. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवते आहे. बाबा, मन घट्ट करून वाचा. काल पौर्णिमेच्या गर्दीत आई हरवल्या. अजून सापडल्या नाहीत.

आमची सहल काढणाऱ्या देवमन सरांनी सांगितलं होतं की सगळ्या बायांनी पांढऱ्या साड्या नेसा, म्हणजे लगेच ओळखू याल. आपल्या रिठदला पौर्णिमेला पांढऱ्या साडीतली बाई दुरून दिसते. पण इथं तर अख्खा देशच पांढरे कपडे घालून आला होता! बोधिवृक्षापुढे हात जोडायला मी आईंचा हात सोडला आणि डोळे उघडले तर चहूकडे पांढरंच पांढरं. किती जणींचा पदर ओढला, दर वेळी तोंड परकं निघालं.

त्यांच्याजवळ फोन नाही, पासपोर्ट सरांकडे, आणि भाषा फक्त आपली वऱ्हाडी. पोलिसांत कळवलं आहे. परवा कोलंबोहून परतीचं विमान आहे, उद्या सगळे तिकडे निघतील. मला काहीच सुचत नाही.

माझ्यावरची माया कमी करू नका, एवढंच मागते.
तुमची, रूपा

———

रिठद, ता. रिसोड
दि. १४ मे २०२५

चि. सौ. रूपास,
ग्यानबाचे अनेक आशीर्वाद व जयभीम.

तुझं पत्र वाचलं. धम्मरत्न काल मालेगावची ड्यूटी सोडून आला. तो फोनवर तुला काय बोलला ते मला ऐकू आलं नाही, पण तोंड पाहिलं मी त्याचं. मनावर घेऊ नको. त्याची माय हरवली, तो भानावर नाही. त्याचा पासपोर्टही नाही, सकाळपासून वाशीमला या साहेबाकडून त्या साहेबाकडे फिरून राह्यला.

गावातले लोक येऊन विचारतात, म्हातारीले एवढ्या दूर कायले पाठवलं म्हणून. मीच पाठवलं. जन्मभर वावरात राबली, बुद्धाचा देश पाहून ये म्हटलं. जी बाई रिसोडच्या बाजाराला कधी एकटी गेली नाही, ती आता समुद्रापलीकडे कुठं बसली असेल? घास उतरत नाही, पोरी.

पण तू विमानात बस. एक हरवली, दुसरी हरवलेली मला सोसणार नाही. लेकरं तुझी वाट पाहतात. हा माझा हुकूम समज.

जीव सांभाळून राहा.
तुझा, बाबा

———

अनुराधापूर
दि. १४ मे २०२५

ती. बाबांस सविनय जयभीम. वि. वि.

तुमचा हुकूम पहिल्यांदाच मोडते आहे. गाडी सुटायच्या आधी मी सरांकडून आईंचा आणि माझा पासपोर्ट मागून घेतला आणि खाली उतरले. बाया रडत होत्या. सर म्हणाले की हा वेडेपणा आहे. असेल. पण आईंना इथं टाकून मी नागपूरला कोणत्या तोंडानं उतरू? एका विहारात निजायला जागा मिळाली आहे.

दवाखाने पाहिले. जिथं जायला नको तिथंही जाऊन चादर वर करून पाहिली. त्या नव्हत्या. बाहेर येऊन मी रस्त्यावरच खाली बसले.

पोलीस एकच विचारतात, बाई कुठं जाईल? आईंना मीठ किती लागतं, कोणता गुडघा दुखतो, सगळं मला ठाऊक. पण हरवल्यावर त्या काय करतील हे मला ठाऊक नाही, कारण माझ्यासमोर त्या कधी हरवल्याच नाहीत. तुम्ही जन्म काढला त्यांच्यासोबत. काहीही आठवलं तरी कळवा.

तुमच्या आशीर्वादावरच उभी आहे.
रूपा

———

रिठद
दि. १५ मे २०२५

चि. सौ. रूपास अनेक आशीर्वाद व जयभीम.

हुकूम मोडला ते बरं केलं. रागावलो नाही.

डोकं ठिकाणावर नव्हतं म्हणून आधी सुचलं नाही. तू घरात यायच्या आधी आम्ही दरसाल ट्रकात बसून नागपूरला दीक्षाभूमीवर जायचो. तिथं मुंगीला वाट मिळत नाही एवढी माणसं. तेव्हा आमचा दोघांचा नेम होता : चुकामूक झाली की शोधत हिंडायचं नाही, शेवटचं जिथं जेवलो तिथं जाऊन बसायचं. दुसरा येईपर्यंत उठायचं नाही. एकदा ती दिवस मावळेपर्यंत बसून होती आणि मी पोहोचल्यावर चारचौघांत माझी अशी खरडपट्टी काढली की विचारू नको. पुढं घरोघरी मोबाइल आले, नेम सांगायची गरज पडली नाही.

त्या दिवशी तुम्ही कुठं जेवला होता? तिथं जा. तिथं नसली तर माझ्याजवळ सांगण्यासारखं आणखी काही नाही.

वाट पाहणारा,
बाबा

———

अनुराधापूर
दि. १६ मे २०२५

ती. बाबांस सविनय जयभीम. वि. वि.

बाबा, भेटल्या! आई भेटल्या!

त्या दिवशी शहरात शिरण्याआधी एका खेड्यात आमची गाडी थांबली होती. पौर्णिमेचं दान म्हणून गावकरी मांडव टाकून येणाऱ्या-जाणाऱ्याला भात वाढत होते. पोलिसांना मी फक्त शहरातल्याच जागा सांगितल्या होत्या. तुमचं पत्र वाचलं आणि तशीच रिक्षानं निघाले. मांडव केव्हाच उठला होता, नुसते बांबूचे खड्डे राहिले होते. मग पलीकडे दुकानाच्या पायरीवर पाहिलं तर आई! आल्या रस्त्यानं पायी मागे चालत येऊन पाय सुजलेले, साडी मातकट झालेली, नजर रस्त्यावर.

दुकानवाल्या माउलीनं त्यांना खाऊ घातलं, रात्री आत निजवलं. ठाण्यावर न्यायला तिनं दोनदा रिक्षा बोलावली, पण आई खांबाला मिठी मारून बसल्या. माउलीला भाषा कळेना. आई मात्र येईल त्याला एकच सांगत होत्या, की माही सून हारपली, तिले इथलं बोलणं येत नाही, मी उठून गेली तं ते इथं येऊन कोणाले पाहीन?

मला पाहताच आधी पाठीत धपाटा घातला आणि विचारलं, की कुठं मेली होती, काही खाल्लं का. मग पदराची गाठ सोडून माझ्यासाठी राखलेला पावाचा तुकडा हातावर ठेवला. बाबा, तो वाळून खडक झाला होता, पण मी तिथंच बसून खाल्ला आणि मग मला रडू आवरेना.

विमान गेलं. पुढच्या तिकिटाचं ह्यांना पाहायला सांगा. आई शेजारीच बसल्या आहेत आणि तुम्हाला एवढंच लिहायला सांगतात, की रूपा सापडली, आता घोर करू नका.

दोघींवर लोभ असू द्या.
तुमची, रूपा