एक जूनचा खडा

आदरणीय अक्का हिला धाकटा भाऊ श्रीपत याचा सप्रेम जयभीम.

पत्राला फार उशीर झाला, त्याबद्दल आधी माफी मागतो. तुझ्या सुहासने पावसाळ्यात सूनबाई प्रियदर्शिनीच्या मोबाइलवर विचारलं होतं की मामांच्या डोळ्याचं काय झालं ते कळवा. आता भात कापून, झोडून, पेंढा रचून झाला, तरी मी काही कळवलं नाही. तीन वेळा लिहायला बसलो. पहिल्या वेळी पेन चालेना, दुसऱ्या वेळी चष्मा सापडेना, तिसऱ्या वेळी दोन्ही हाताशी होतं तेव्हा लाज आडवी आली. तुझे गुडघे कसे आहेत? जिना चढताना मध्ये थांबतेस ना? थांबत जा. अंबरनाथची हवा तुला मानवते का? इकडे सगळे ठीक आहेत, म्हणजे मी सोडून. फोनच केला असता, पण आमच्या घरात फोन सुनेच्या हातात असतो आणि ती तो स्पीकरवर ठेवते, त्यामुळे पलीकडच्या घरातल्या राहीबाईसुद्धा मध्येच उत्तर देतात. पत्र कसं खाजगी असतं, असं मनाशी धरून कागद घेतला आणि चार ओळी झाल्यावर आठवलं की तुला वाचता येत नाही, सुहासच मोठ्याने वाचणार. (सुहास, बाबा, कंसातलं सगळं मनातल्या मनात वाच. आईने विचारलं तर खोकला आला असं सांग.)

तर डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला आहे. समोरचा डोंगर मला भर उन्हात धुक्यात दिसतो, आणि परवा मी कुंपणावर वाळत घातलेल्या गोधडीला जयभीम केला. ऑपरेशन साधं असतं, दहा मिनिटांचं असतं, असं ज्याचं झालेलं नाही तो प्रत्येक माणूस मला सांगतो. मला मात्र आपली आय दिसते. शेवटची दोन वर्षं ती चूल चाचपत असायची, ते तुला आठवतच असेल. तेव्हापासून डोळा म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो.

महाडला डोळे तपासून झाल्यावर सून आधारकार्डाची झेरॉक्स काढायला गेली. (ती पोलादपूरला शाळेत शिक्षिका आहे, आणि घरीही.) जाताना म्हणाली, "बाबा, इथून हलू नका." मी हललो नाही. मी जिथे उभा होतो त्याच्या बरोबर मागे सोनाराचं दुकान निघालं, त्यात माझा काय दोष? दुकानाच्या काचेवर मोठा तक्ता लावला होता. "तुमचा महिना, तुमचं रत्न." उजवा डोळा अजून बरा आहे, त्याने सगळा वाचून काढला. जानेवारीत जन्मलेल्याला तामडा, तो घातला की प्रवासाला गेलेला माणूस सुखरूप घरी परततो. फेब्रुवारीला जमुनिया, तो घातला की दारू चढत नाही. (राहीबाईंचा भिकाजी आठवला.) मार्चवाल्यांचा खडा समुद्रावरच्या खलाशांना सांभाळतो. डिसेंबरला फिरोजा, तो असला की घोड्यावरून पडलं तरी हाड मोडत नाही. आपल्या वाडीत घोडा आतापर्यंत एकदाच आला, हृतिकच्या लग्नात, आणि त्यावर बसायला तोच घाबरला, म्हणून तो खडा मी सोडून दिला. पण मे महिन्यापाशी आलो आणि तिथेच अडकलो. मे म्हणजे पाचू, आणि पुढे लिहिलं होतं की पाचूच्या हिरव्या रंगाने डोळ्यांना थंडावा मिळतो, दृष्टी शाबूत राहते, जुन्या काळी लोक पाचू समोर धरून शिणलेले डोळे निववत असत.

आता माझी जन्मतारीख तुला ठाऊक आहे. एक जून. एका दिवसाने माझा पाचू हुकला, जूनला मोती.

तेवढ्यात आतून दुकानदाराने हाक मारली. आमोद नावाचा तरुण मुलगा आहे, बोलणं अगदी पुण्यासारखं. म्हणाला, "या काका, उन्हात उभे राहू नका. जन्मतारीख कुठली?" मी सांगितली तर तो हसायलाच लागला. "आज सकाळपासूनचे तुम्ही पाचवे एक जून! काका, महाड-पोलादपुरातलं साठीच्या पुढचं सगळं माणूस मोत्याचं आहे. कंपनीला वाटतं आमच्याकडे कोळी राहतात, इतके मोती आम्ही मागवतो." मी त्याला समजावून सांगितलं की शाळेत नाव घालायला गेलो तेव्हा गुरुजींनी तारीख विचारली, आय म्हणाली, "करवंदाच्या दिसांत झाला," आणि करवंदाचा महिना रजिस्टरात बसेना म्हणून गुरुजींनी एक जून लिहिलं. त्या दिवशी नाव घातलेली अकरा मुलं, अकराही एक जूनला जन्मली. भिकाजीसुद्धा, आणि तो तर माझ्यासमोर चालत होता तेव्हा मी रांगत होतो. आमोद म्हणाला, "कागदावरचा महिना तो महिना." मोत्याची गोष्टही त्याने सांगितली. पावसाचा थेंब उघड्या शिंपल्यात पडला की मोती होतो, मोती चंद्राचा, तो घातला की मन शांत राहतं, धडधड थांबते. अक्का, माझी धडधड त्या वेळी त्याला ऐकू जात असेल.

मी अंगठी घेतली. चांदीची, करंगळीत घालायची.

लिहितानाही कान गरम झाले बघ. बावीस वर्षं मी वाडीच्या विहार कमिटीचा सचिव आहे. दर पौर्णिमेला वंदना झाली की अंगठ्या, गंडेदोरे, खडे, भविष्य यांच्यावर पाच मिनिटं मीच बोलतो, आणि पाचाची पंधरा होतात. माझ्या भाषणाने तिघांच्या मनगटातले दोरे तुटले, हृतिकने पत्रिका चुलीत घातली. आणि मी स्वतः अंगठी घातली ती चवदार तळ्यापासून पाच मिनिटांवर. झेरॉक्स घेऊन सून आली तेव्हा माझा हात खिशात होता. एसटी स्टँडला जायचा सरळ रस्ता तळ्यावरून होता. मी तिला म्हणालो, पलीकडून जाऊ, ऊन कमी आहे. तिने एकदा माझ्याकडे बघितलं आणि काही बोलली नाही. (शिकवणारं माणूस गप्प बसलं की समजावं, उत्तरपत्रिका हातात आहे.)

पौर्णिमेला वंदनेला हात जोडायचे तर करंगळी सर्वांत पुढे येते, हे मला पहिल्यांदाच कळलं. म्हणून बोटाला पट्टी गुंडाळली आणि विळा लागला असं सांगितलं. खोटं बोलणार नाही असं सर्वांबरोबर मोठ्याने म्हणून झाल्यावर दोन मिनिटांत हे सांगितलं. राहीबाईंनी हळद आणली, भिकाजीने कसला तरी पाला चुरून आणला, आणि दोघांनी मिळून पट्टीवर पट्टी बांधली. खाली बोट सुजत गेलं. चार दिवसांनी अंगठी निघेना.

ऑपरेशनच्या दिवशी वाडीतले आम्ही सहा डोळेवाले आणि सोबतीला सून, असे एकाच जीपमधून महाडला गेलो. नर्सबाईंनी सगळ्यांना सांगितलं, अंगावरचं धातूचं सगळं काढा. माझ्या बोटाकडे बघून म्हणाल्या, "आजोबा, जखम असेल तर डॉक्टरांना दाखवावी लागेल," आणि सगळ्यांसमोर पट्टी सोडायला लागल्या. मी म्हटलं, राहू द्या. त्या म्हणाल्या, घाबरू नका. पहिली पट्टी, दुसरी पट्टी, हळद, पाला, आणि आतून मोती.

मग भिकाजी म्हणाला, "सिरपता, डोळ्यातला मोती काढाया आलास नि बोटात दुसरा घालून आलास रे?"

अक्का, अख्खा वॉर्ड हसला. ज्यांना दिसत नव्हतं ते बाजूच्याला विचारून हसले. नर्सबाईंनी साबण लावला, तेल लावलं, दोरा गुंडाळून ओढला, आणि मी ओरडलो म्हणून त्यांनी रक्तदाब मोजला तर तो इतका चढला होता की डॉक्टरांनी माझं ऑपरेशन पुढे ढकललं. मन शांत करणारा मोती बोटात आणि ही गत. बाकीचे पाच हिरवी पट्टी लावून परत आले. मी दोन्ही डोळे उघडे ठेवून आलो आणि सगळ्यांत कमी मलाच दिसत होतं. परतीच्या वाटेवर सुनेने मला आमोदकडे नेलं. त्याने कात्रीने अंगठी कापली. ती त्याला एवढंच म्हणाली, "यांची भाषणं आमच्याकडे फार चांगली होतात."

मला वाटलं, लोक मला सचिवपदावरून काढतील. झालं त्याहून वाईट. दुसऱ्या दिवशी राहीबाई दारात. "भाऊ, त्या दुकानाचा पत्ता द्या. यांना फेब्रुवारीतला खडा मिळंल का, तो दारू न चढायचा?" मी म्हटलं, बाई, भिकाजी एक जूनचा आहे. तर म्हणाल्या, "मंग तारीख बदलून घिऊ. तुमी सही करा." माझ्या बावीस वर्षांच्या भाषणांतून वाडीने शेवटी काय घेतलं, तर सोनाराचा पत्ता.

आता विचारायचं ते विचारतो. आमोद म्हणाला, काका, खरा महिना मे असेल तर मोती परत घेतो आणि छोटा पाचू देतो. मी हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही. मी झालो तेव्हा तू आठ वर्षांची होतीस. आय सांगायची की तू करवंदं काढायला रानात गेली होतीस आणि परत आलीस तेव्हा तुझं तोंड जांभळं होतं आणि घरात मी होतो. त्या दिवशीच्या टोपलीत करवंदं किती होती, ते आठवून बघ. टोपली भरलेली असली तर मे. तळालाच चार असली तर जून. हे जाणणारं माणूस आता तुझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही.

आणि तुला विचारायला मला तोंड नाही, हेही मला ठाऊक आहे. सुहासचा कावीळ-ताप उतरत नव्हता, तेव्हा कुणी सांगितलं म्हणून तू बोटात पोवळं घातलंस. मी त्याच वर्षी नवा सचिव झालो होतो. भर सभेत मी तुला उभं केलं आणि जे बोललो ते अजून शब्दन्‌शब्द आठवतं. तू अंगठी काढून माझ्या हातावर ठेवलीस. मी सगळ्यांसमोर सावित्रीच्या पुलावर गेलो आणि परत येऊन सांगितलं, खडा नदीत टाकला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवसापासून तू आमच्या घरात पाऊल टाकलं नाहीस. सुहासची मामी गेली तेव्हा आलीस, तीही अंगणातूनच परत गेलीस. तेव्हा मी म्हणायचो, अक्काला राग आला आहे, तिला तत्त्व कळत नाही. आता करंगळीवर अंगठीचा वळ घेऊन बसलो आहे आणि मला कळतं की तुझ्या पोटातही तेव्हा असाच गोळा असेल. तुझा तर पोराच्या जिवासाठी होता. माझा नुसता डोळ्यासाठी. माफ कर.

सर्वांना जयभीम. गुडघ्यांना जप.

तुझा
श्रीपत

ता. क. ऑपरेशनची नवी तारीख अठरा आहे. प्रियदर्शिनी म्हणते, बोटं रिकामी घेऊन या.

ता. क. (सुहास, हे मात्र मोठ्याने वाच. थांबू नकोस.) अक्का, मी खडा नदीत टाकला असं सांगितलं ते खोटं नव्हतं. टाकला तो खडाच. पण तो काठावरून उचललेला होता. पुलावर हात वर केला आणि मला तापात पडलेला सुहास दिसला. वाटलं, आपला विश्वास नाही हे खरं, पण उगाच काही झालं तर? तुझं पोवळं मी विड्याच्या डबीत घालून घरी आणलं. चार दिवसांनी पोराचा ताप उतरला, तो डॉक्टरच्या औषधाने उतरला हे मला कळतं. पण मग ते टाकायचं धाडस कधीच झालं नाही, आणि परत द्यायचं तर सगळं सांगावं लागलं असतं. बावीस वर्षं ते माझ्या ट्रंकेत आहे. आणि त्या ट्रंकेवर बसूनच मी भाषणं लिहिली.

ता. क. करवंदांचं राहू दे. टोपली भरलेली असो की रिकामी, मला पाचू नको. अठराच्या आदल्या दिवशीच तू ये. डोळ्यावरची पट्टी सोडतील तेव्हा समोर आपलं कोणी असावं, एवढंच. सुहासची रजा नसली तर तू एकटी गाडीत बस, वीर स्टेशनला मी रिक्षा घेऊन उभा राहीन. मला तू लांबून दिसणार नाहीस, तेव्हा तूच हाक मार. पोवळं माझ्या खिशात असेल. घ्यायचं की खरंच नदीत टाकायचं, ते तू ठरव, पुलावर मीही येतो. येतेस की नाही ते लगेच कळव. सुहासकडून एकच शब्द लिहून घे, आणि त्याला सांग, अक्षर मोठं काढ.