दादाचा फोन

देवरूख, दि. १२ ऑगस्ट २०२४, सकाळी सव्वाआठ

प्रिय शिवादादा,

आताच आईला उशीला टेकवून बसवलं आणि तिचा श्वासाचा व्यायाम घेतला. न्यूमोनिया हटत नाही. नाकातून श्वास घ्यायचा आणि ओठ आवळून सावकाश सोडायचा, एवढंच करायचं असतं, पण माझं ती ऐकत नाही. म्हणून जहाज सुटण्याआधी तू पाठवलेला व्यायामाचा व्हॉइस मेसेज लावतो आणि सांगतो, "दादाचा फोन आलाय."

तुझा आवाज आला की ती लगेच सरळ बसते. मध्येच तुलाही रागावते, "वाईच दम घेऊ दे रं! तिकडं जेवतोस ना नीट?" तू "शाबास, आये" म्हणतोस आणि ती हसते.

काल डॉक्टर म्हणाले, घरी भागणार नाही, सकाळीच रत्नागिरीला दाखल करा. आई म्हणाली, "तुमचे बाबा तिथनं परत आले नाहीत. शिवा सांगंल तरच जाईन." कंपनीत फोन केला, तर तुझ्या जहाजाशी संपर्क होत नाही.

आज व्यायाम संपल्यावर तिने फोनवर विचारलं, "जाऊ काय रे, शिवा?"

मेसेज तिथेच संपतो. फोन कानाला धरून ती बराच वेळ थांबली. मग माझ्या हातात देत म्हणाली, "बघ, तो पण जा म्हणत नाय."

रत्नागिरीला न्यायला गुणाजीकाकांची गाडी दारात उभी आहे. आई भिंतीकडे तोंड करून झोपली आहे. तो फोन नव्हता, हे तिला कसं सांगू?

तुझा,
ओमकार