येतुंदे नाव ठेवलंस ते

इसेयिन, १२ नोव्हेंबर १९८७

बाळ आकांबी,

तुला विसरायची सवय आहे, म्हणून आधी आठवण करून देते: तुझी आई जिवंत आहे. गुडघा सुजलाय, बाकी ठीक. तुम्ही सगळे इबादानला खुशाल असाल. शेजारची सिदिकात शिवणयंत्र थांबवून मी सांगते ते लिहून घेते आहे. ती हसते, तेही लिही म्हटलंय.

गुडघ्यामुळे नातीच्या बारशाला मला येता आलं नाही आणि तू तिचं नाव ठेवलंस येतुंदे. म्हणजे आई परत आली! अरे, कोणती आई? मी गेले कुठे होते?

परवा माझ्याकडून कापड घेणारी ओयोची जुनी गिऱ्हाईक बाई काळं नेसून रडत दारात आली. आकांबीच्या मुलीचं नाव येतुंदे, एवढंच तिच्या कानावर गेलेलं. आजी गेल्याशिवाय हे नाव कुणी ठेवत नाही, म्हणजे मीच मेले असणार. मी चवळीची भजी खात बसले होते. ती म्हणाली, "अशाबी, मग गेलं कोण?" मी म्हटलं, "माझी थोरली सवत. पण परत आली ती माझ्या मुलाकडे." मग ती उरलेली भजी खाऊन गेली.

थोरली जाऊन तीन आठवडे होतात न होतात तोच मुलगी झाली, म्हणून ती थोरलीच, असं सगळे म्हणतात. डाव्या कानाला तिच्यासारखीच खाच आहे म्हणे. असेल. मूल माझ्या रक्ताचं, आणि त्यातही येऊन बसली ती. मी जाईन तेव्हा मला जागा कुठे ठेवलीत?

तू सात महिन्यांचा होतास. मी कापड विकायला गेले ती वीस दिवसांनी परतले. तुला उचललं, तर तू माझ्याकडे पाठ फिरवून थोरलीकडे हात पसरलेस. ती म्हणाली, "अरे वेड्या, ती तुझी आई, जा तिच्याकडे." हसून, प्रेमानं म्हणाली. भांडली असती तर बरं झालं असतं. तिला स्वतःचं मूल नव्हतं हे मला कळत होतं. तरी आजवर ते हसणं मी तिला माफ केलेलं नाही.

आता तुला न सांगितलेलं सांगते. शेवटच्या दिवशी दुपारी ती मला म्हणाली, "धाकटे, मी परत आले तर घरात घेशील?" मी म्हटलं, "आधी जा तर खरं." ती खूप हसली. संध्याकाळी गेली.

तेव्हा नाव राहू दे. माझ्या तोंडून 'हो' निघालं नाही, ते तू म्हणालास असं समजेन. पण लाडाचं नाव द्यायचा हक्क आजीचा. ते अशाके. घरात याच नावानं हाक मारायची, तुझ्या बायकोनंसुद्धा.

आणि ती जेवायला लागेल तेव्हा तिला इथे आणायची. तुझ्या तोंडात मक्याची पहिली पेज थोरलीनं घातली, मी बाजारात होते. हिला मी भरवणार. दुसऱ्या कुणी चमचा उचलायचा नाही.

तुला जन्म देणारी,
अशाबी

येताना टोपलीभर वाळका मका आण. पांढराच आण. पिवळ्याची पेज थोरली थुंकून टाकायची.