काचेच्या दाराचे मशीन

सोमवार, ४ तारीख

देवाच्या कृपेने सामान धड पोहोचले, एक कपसुद्धा फुटला नाही. तळमजल्यावर दोन खोल्या, उजेड भरपूर. आधी देव मांडले, मगच चहा टाकला. टिल्ली, माझी सहा वर्षांची लेक, वर जाऊन घरमालकीणबाईंना आपला पडका दात दाखवून आली. वरचा, डावीकडचा, गेल्याच आठवड्यात पडलाय.

मोरीत कपडे धुण्याचे जुने मशीन आहे, समोर गोल काचेचे दार असलेले. आत अर्धे पाणी तुंबलेले, म्हणून दार उघडत नाही. बाई म्हणाल्या, बिघडलंय, हात लावू नका. चालण्यासारखी वस्तू धूळ खात पडलेली मला बघवत नाही. हे म्हणाले, आल्या दिवशीच सुरू झालीस का!

बुधवार, ६

दुरुस्तीवाल्याला बोलावले. मशीनला काही झालेलेच नव्हते. पाणी सोडायची नळी कुणीतरी तारेने वर ओढून पार छताजवळच्या खिळ्याला करकचून बांधली होती. तो हसत सुटला. म्हणाला, काकू, ही मोटार आहे, लिफ्ट नाही. पाणी एवढं चढणार कसं? तार कापून नळी बादलीत सोडली. चार बादल्या पाणी निघाले, मग खट् आवाज होऊन दार सुटले. आत चिंधीसुद्धा नव्हती.

ते पाणी फेकून देणे जिवावर आले. देव्हाऱ्यासमोरची जागा सोडून सगळी फरशी त्याच पाण्याने पुसून काढली.

बाई जिन्यातून बघत होत्या. नळी खाली केलीत का, एवढेच विचारले आणि चेहरा पडला. मशीन चालू निघाले याची हळहळ, दुसरे काय!

शनिवार, ९

कपडे छान निघतात. मात्र टिल्ली सारखी त्या काचेसमोर बसते. आतली मुलगी माझ्यासारखंच करते, म्हणाली. मी म्हटले, वेडाबाई, ते तुझंच प्रतिबिंब. तर म्हणते, पण आधी ती हसते, मग मी.

हे बाईंनीच भरवलेले असणार. काल जिन्यात तिच्याशी काहीतरी कुजबुजत होत्या. मला पाहून वर निघून गेल्या.

मंगळवार, १२

काल मशीन लावलेच नव्हते. नळ बंद, बादली कोरडी. तरी आज सकाळी आत पुन्हा अर्धे पाणी, दार बंद. नळीला कुठे पीळ नाही. नळाला फडके गुंडाळून पाहिले, तेही कोरडे. दुरुस्तीवाला फोनवर म्हणाला, खालचं जाळीचं झाकण सैल करा, पाणी निघेल. ते करायला मला एकटीला धीर होईना.

टिल्लीचे केस ओले होते. अंघोळ व्हायची होती. पुसले. घटकाभराने पुन्हा ओले. बोटांची टोके सुरकुतलेली.

बाई चोरपावलांनी येऊन नळ सोडून जातात की काय? कडी तर आतून असते.

गुरुवार, १४

टिल्ली डाव्या हाताने जेवली. देवाला नमस्कार कर म्हटले तर लांबूनच केला. पुढे येईना.

मग हसली. पडक्या दाताची जागा उजवीकडे. डावीकडे दात आहे.

यांना दाखवले. म्हणाले, तुझाच घोटाळा झालाय. माझा? तो दात मी या हाताने काढून घेतला होता—

वर गेले. बाईंनी दार फटीपुरते उघडले. म्हणाल्या, आत पाणी असेतो दार बंद राहतं, म्हणून नळी बांधली होती. आत कोण होतं, विचारले. त्या म्हणाल्या, एक जण आत लागतंच. आणि दार लावून घेतले.

शुक्रवार, १५, दुपार

हे कामावर. पाणी काचेच्या वरपर्यंत. काचेला आतून बोटे टेकलेली, पाच, लहान. आतली ठोकते आहे.

ही, उजवीकडे दात पडलेली, माझ्या मागे उभी. पदर धरलाय, पदर भिजला. म्हणते, आई, पाणी नको ना सोडू. आवाज टिल्लीचाच.

झाकण सैल केले. बादली भरेतो लिहिते, काहीतरी करायला हवे. एक.

दोन. देवा, माझी आत आहे. चूक होऊ देऊ नकोस.

तीन. केस दिसले.

चार. खट्—

टिल्ली बाहेर. माझी. खोकते, रडते, अंग गरम आहे. देव्हाऱ्यासमोर नेऊन बसवली. तिथून हलू नकोस म्हटले.

ही रडत नाही. मशीनच्या दाराशी उभी. हिला आत ढकलायचे— नाही होत. हीपण आई म्हणते.

बाई बाहेरून घराचे दार बडवताहेत. ओरडतात, पोरीला घेऊन बाहेर या, मशीन रिकामं ठेवू नका—

ही आपणहून आत शिरली. बसली. पण पदर सोडत नाही. खांद्यावरची पिन निघत नाही. ओढते आहे, एवढीशी, पण जोर—

पाणी चढते आहे. नळ बंद आहे, मी पाहिलाय—

टिल्लीला म्हटले, कडी काढ, बाईंकडे पळ. ती उठली. कडीकडे नाही. मला सोडवायला इकडेच येते. नको, टिल्ली, माझा हात धरू नक