तालमीच्या पाटीवरचा फॉन्ट

शिवाजी पेठ, कोल्हापूर
१२ जानेवारी २०२५

चि. तेजस्वीस,
अप्पांचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू तीनदा म्हणालीस की सगळं ठीक आहे. खरंच ठीक असलेला माणूस एकदाच म्हणतो. तुझ्या फॉन्टच्या कागदांचं पाकीट मिळालं. कंपनी कामाचं काही फोनवरून पाठवू देत न्हाय, म्हणून पोस्टानं पाठवलंस ते बरं केलंस.

तुझ्या साहेबांचं म्हणणं समजलं. मोबाईलच्या पडद्यासाठी फॉन्ट, नुसत्या वर्तुळांचा आणि सरळ रेघांचा, पण वाचणाऱ्याला ऊब वाटली पाहिजे. तुझा अकरा वेळा परत आला, आणि पास झाल्याशिवाय कंपनीचा बाँड सुटत न्हाय, नोकरी सोडता येत न्हाय. कागदावर बघून मला काही कळेना. वर्तुळं गोल आहेत, पण अक्षरं कवायतीला उभी केल्यासारखी. चौतीस वर्षं पाट्या रंगवल्या त्या रस्त्यापलीकडून बघूनच की. म्हणून तालमीची नवी पाटी तुझ्याच अक्षरांत रंगवली. तू वरची रेघ आधी मारून खाली अक्षरं टांगतेस. मी अक्षरं आधी बसवली, रेघ शेवटी ओढली. 'व'चं पोट जरा सैल सोडलं. तालमीचा कृष्णात म्हणाला की पाटी पोटभर जेवल्यासारखी दिसतीया.

तब्येतीला जप, आणि खोटं बोलायचंच तर एकदाच बोल.
तुझे अप्पा


बेंगळुरू
२५ जानेवारी २०२५

ती. अप्पांस,
शि. सा. नमस्कार.

ते कागद फक्त तुम्ही बघायचे होते हो. कृष्णातदादांनी पाटीचा फोटो इंटरनेटवर टाकला, आणि मंगळवारी साहेबांनी तो भिंतीएवढ्या पडद्यावर लावून मला बोलावलं. पाटी कुणी रंगवली विचारलं, तर वडिलांनी म्हणून सांगितलं. त्यांनी फोटो लहान करत करत मोबाईलच्या मापाचा केला. माझ्या अक्षरांची पोटं तेवढ्या मापात बुजतात; तुमची उघडी राहिली. साहेब म्हणाले की ऊब इथे आहे, हेच हवंय.

सोबत कंपनीचा कागद आहे. ही अक्षरं यापुढे कंपनीची, आणि तुम्ही ती दुसऱ्या कुणासाठी काढायची नाहीत, असं त्यात आहे. सही झाली तर मार्चअखेर मी मोकळी. नाही झाली तर काम बाहेर फोडल्याचा ठपका माझ्यावर, आणि मग या धंद्यात मला कुणी दारात उभं करणार नाही.

सही करू नका असंच लिहायला बसले होते. पण रोज सकाळी त्या काचेच्या खोलीत शिरताना माझं काय होतं, ते लपवणं आता जमत नाही. तुम्ही ठरवाल ते.

आईला नमस्कार. रागावलात तरी चालेल, अबोला नको.
तुमची तेजस्वी


शिवाजी पेठ, कोल्हापूर
९ फेब्रुवारी २०२५

चि. तेजस्वीस,
आशीर्वाद.

कागद विजयसिंह वकिलांना दाखवला. ते म्हणाले की ही अक्षरं तुमच्या हातची हायत, देऊ नका, लढू. लढायला किती वर्षं लागतील विचारलं, तर ते पंख्याकडे बघाय लागले.

मग आधी हाताची परीक्षा घेतली. कागलच्या एका डेअरीची पाटी होती. मुद्दाम वेगळी, टोकदार अक्षरं काढायची ठरवली. तीनदा पुसली. हात फिरून तिथंच जातो. मला कुणी शिकवलं न्हाय, मान वर करून दुकानांच्या पाट्या बघत शिकलो; एकच हात आला, दुसरा आता कुठनं आणू? डेअरीवाल्याला दुसरा पेंटर बघायला सांगितलं. त्याला वाटलं मी भाव वाढवतोय.

तुझ्या आईनं तुझी खोली झाडून ठेवलीय. आलीस की मला समोर बसवून नवा 'अ' शिकव. तुझ्या हातचा असला तर कदाचित जमेल.

कागद आजच पाठवला. सहीच्या जागी पेन टेकवलं आणि थांबलो. सही झाली की अक्षरं त्यांची. मग माझ्याच नावातला, सयाजीतला 'स' कुणाला विचारून काढायचा? म्हणून अंगठा उठवला. साहेब अडाणी समजले तर समजू देत.

हे पत्र त्याच हातानं लिहिलंय, पण घरचं आहे, त्याला कुणाची हरकत नसावी. माया आहे तशी राहू दे.
तुझे अप्पा